अपिअरन्स

महाडच्या एका इंग्रजी शाळेत बालवर्गासाठी बाई हव्या होत्या. माझ्या थोरल्या बहिणीचं शिक्षण त्यासाठीच झालेलं. ताईच्या हातांवर आणि ओठांभोवती कोडाचे पांढरे डाग आहेत. सोबतीला मी गेले.

संचालिकाबाई आधी गोड बोलल्या. ताईनं मुलांचं एक गाणं म्हणून दाखवलं, तेव्हा त्या हसल्यासुद्धा. मग चहा आला. त्यांना आणि मला कपबशी, ताईला कागदी पेला. शिपायाला तसं कुणी सांगितलं होतं, ते कळायला मला त्या बाईंच्या नजरेकडे पाहावं लागलं नाही. मी चहा तसाच ठेवला.

"शिकवणं उत्तम आहे हो," त्या म्हणाल्या, "पण पालक अपिअरन्स बघतात. मागच्या खोलीत कार्यालयाचं काम देऊ का? गॅदरिंगच्या दिवशी तेवढी सुट्टी घ्यायची."

"हे पसरत नाही, मॅडम," ताई म्हणाली.

"मला माहितीये. म्हणून तर काम देतेय."

ताईनं कागद गोळा केले. "मला लपून काम करायचं नाही," एवढंच बोलून ती उठली. आम्ही निघालो, तर मागे जंतुनाशकाच्या बाटलीतून फुसफुस आवाज आला. ताईची खुर्ची पुसणं चाललं होतं. आम्ही दाराबाहेर जाईपर्यंतसुद्धा त्यांना दम निघाला नाही.

आम्ही चवदार तळ्याकाठी आलो. तिथं ताई रडली. मला रडू येत नव्हतं, ओकारी येत होती.

पोलादपूरला घरी आईनं विचारलं, "काय म्हनली गो ती?"

"अपिअरन्स नाय म्हणे," मी सांगितलं.

"म्हंजे काय?"

"दिसणं."

"आंधळी हाय काय ती? एवढी धडधाकट पोर समोर बसलेली दिसली नाय?"

ताई हसली. मला हसता आलं नाही.

पुढं ताईला पोलादपुरातच बालवाडी मिळाली. पोरं तिच्या अंगाखांद्यावर लोळतात. ती तो दिवस विसरली असं म्हणते. मी नाही विसरले. त्या शाळेची पिवळी बस समोरून आली, की मी अजून रस्त्याच्या कडेला थुंकते. ताई रागावते, "घाणेरडं वागू नकोस." मी तरी थुंकते.