श्रद्धांजलीनंतरचे काका

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठे कसं लिहायचं ते मला कळत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कोणाच्या हातात पडलीच, तर चुका पोटात घाला आणि काकांकडे बघा.

काका फोटो काढायच्या आधी डावा पाय पुढे टाकायचे. कचोडीचा पानाचा दोना असो, खणलेला रस्ता असो की घाटावर चढलेलं पाणी, फोटोच्या खालच्या कडेला त्यांच्या तपकिरी चपलेचं टोक दिसलंच पाहिजे. पाय राहिला तर तो फोटो पुसून दुसरा काढायचे.

"काका, चप्पल रबडीत पडेल एखाद दिवशी," माझा नवरा म्हणायचा.

"पडू द्या. मी तिथं उभा होतो हे कळायला नको? जाऊन आलो, मग लिहिलं. आपलं असं आहे."

दशाश्वमेध घाटाच्या मागच्या गल्लीत आमची लहानशी खानावळ आहे. नवरा भाजी-आमटी बघतो, मी पोळ्या लाटते. महाराष्ट्रातून यात्रेला आलेली माणसं जेवायला येतात. काका दोन घरं सोडून वरच्या खोलीत राहायचे. बँकेच्या बदलीने इथे आले, इथेच रिटायर झाले. मूलबाळ नव्हतं आणि काकूही जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुपारचा डबा आमच्याकडून जायचा.

काशीतल्या मराठी लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. तीन-चारशे माणसं असतील. युनिव्हर्सिटीतली, रेल्वेतली, बँकेतली, घाटावरचे गुरुजी, पिढ्यान् पिढ्या इथेच राहिलेली घरं. खानावळीचा नंबर म्हणून मलाही त्यात घातलं होतं. मी कधी काही लिहिलं नाही. बोट ठेवून वाचायची, एवढंच.

तुम्हीही असे ग्रुप बघितले असतील. सकाळी फुलं आणि सुविचार येतात, मग प्रश्न सुरू होतात. गोदौलिया चौकात गाड्यांचा जाम आहे का? नावा चालू आहेत की बंद? आईला तिखट चालत नाही, कुठे जेवू घालावं? उत्तरं देणारे पुष्कळ असतात, पण घरात बसून, कोणाकडून तरी ऐकून. काका मात्र आधी चपला घालायचे.

एकदा भर उन्हाळ्यात कोणी लिहिलं की नदीवरचा पूल खचला. दोन तास ग्रुपवर नुसता गोंधळ. काका डोक्याला ओला गमछा बांधून गेले आणि तिथूनच लिहिलं, "पूल जागेवर आहे. वर एक म्हैस उभी आहे. तिलाही काही खचल्यासारखं वाटत नाही." खाली फोटो. पूल, म्हैस आणि चप्पल.

युनिव्हर्सिटीतल्या एक मॅडम होत्या. टमाटर चाट कुठली चांगली, यावरून त्यांची आणि काकांची जुंपली. मॅडम म्हणाल्या युनिव्हर्सिटीजवळच्या लंका चौकातली, काका म्हणाले घाटाजवळची. शेवटी काकांनी एकाच संध्याकाळी दोन्हीकडची खाल्ली आणि तीन दिवस माझ्या ताकभातावर राहिले. बरं वाटल्यावर पहिलं काम केलं ते ग्रुपवर लिहिण्याचं, "दोन्ही खाल्ल्या. मॅडम बरोबर आहेत."

मी म्हटलं, "काका, पोट बिघडलं ते नाही लिहिलंत?"

"ते कशाला? मॅडमना वाईट वाटेल."

एक गोष्ट मात्र होती. इतक्या लोकांपैकी माझ्याशिवाय काकांना समोरासमोर कोणी बघितलेलं नव्हतं. "एकदा भेटू या सगळे," असं दर दिवाळीला कोणीतरी लिहायचं. त्याखाली हसरे चेहरे यायचे, तारीख काही ठरायची नाही. काका प्रत्येक वेळी लिहायचे, "मी केव्हाही मोकळा आहे."

मागच्या भाद्रपदात गंगा फार चढली. पायऱ्या बुडाल्या, घाटावरची आरती छतावर गेली. काका रोज सकाळी पाण्याचा फोटो टाकायचे, बाहेरगावची माणसं ते बघून तिकिटं काढायची किंवा रद्द करायची. एका सकाळी शेवाळलेल्या पायरीवर त्यांनी डावा पाय पुढे टाकला तो सरकला. स्वतःला सावरलं, पण मोबाइल पाण्यात गेला. भिजून घरी आले आणि तापाने पडले.

पाच-सहा दिवस मी मऊ भात आणि मेतकूट घेऊन वर जात होते. ग्रुपवर लोक विचारत होते, "काका कुठे आहेत? पाण्याचा फोटो नाही आज?" मी रोज काकांना सांगायची, ते रोज म्हणायचे, "उद्या बरा झालो की नवीन मोबाइल घेतो." मी काही लिहायला धजले नाही.

मग एक दिवस मी भांडं घेऊन खाली उतरले, हात पुसून मोबाइल बघितला आणि पायरीवरच बसले. सोनारपुऱ्याकडे बँकेतून रिटायर झालेले कोणी मराठी गृहस्थ गेले होते. ते ऐकून एकाने लिहिलं होतं, "आपले काका गेले." त्याच्याखाली जोडलेले हात, हातांवर हात, फुलं, दिवे. आणि वर काकांनी नुकताच माझ्या हातचा भात खाल्लेला.

काकांचा स्वतःचा फोटो कोणाकडेच नव्हता. मग कोणीतरी त्यांच्या जुन्या फोटोंमधला एक उचलून त्याला झेंडूचा हार आणि समई लावली. त्यात कचोडीचा दोना होता आणि चपलेचं टोक. "श्रद्धांजलीला चप्पल?" कोणी रागावलं. मग तो काढून उगवत्या सूर्याचं चित्र लावलं.

मी परत वर गेले. तोंडाने सांगवेना, म्हणून मोबाइलच त्यांच्या हातात दिला.

काकांनी चष्मा लावला. आधी हसले, अगदी उशीवर मान टाकून. मग एकेक वाचायला लागले. "हे बघा बाई, मॅडमनी केवढं लिहिलंय. 'काकांशी भांडण्यात जी गोडी होती ती आता कशात मिळेल.' आणि हा पुण्याचा मुलगा. त्याच्या आईबाबांना मी इथे उतरायला घर शोधून दिलं होतं. लक्षात आहे की त्याच्या!" त्यांचे डोळे भरून आले होते. तापामुळे असेल, असं मी तेव्हा धरलं.

सगळं वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "खाली कोणी आलं होतं का हो?"

"नाही काका."

"पत्ता माहीत नसेल. विचारतील." ते परत वरपासून शोधायला लागले. एका माणसाने विचारलं होतं, 'अंत्यदर्शन कुठे?' त्याला कोणी उत्तर दिलं नव्हतं. खाली परत नुसते हात.

मी म्हटलं, "मी लिहू का, तुम्ही आहात म्हणून? चुकत माकत लिहीन."

"थांबा दोन दिवस. कोणी समाचाराला आलं तर तोंडानेच सांगू. केवढी मजा येईल."

तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे माणूस गेला की तेराव्यापर्यंत लोक घरी येऊन बसतात. काकाही त्या हिशोबाने बसले. ताप उतरला होता. सकाळी दाढी करायचे, धुतलेला सदरा घालायचे, खिडकीपाशी खुर्ची ओढून गल्लीकडे बघत बसायचे. मला म्हणाले, "बाई, चहाचं सामान जरा जास्त ठेवा. एकदम चार-पाच जण आले तर?" दोन खुर्च्या त्यांनी घरमालकाकडून मागून आणल्या. घरमालक म्हणाला, "का बाबूजी, कोई मेहमान?" काका म्हणाले, "हो, लोग आनेवाले हैं, भैया."

गल्लीतून कोणी वर बघत आलं की काका ताठ बसायचे. येणारा दूधवाला तरी असायचा, नाहीतर पत्ता चुकलेला यात्रेकरू.

तेरावा उलटला त्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर खुर्च्या परत गेल्या होत्या.

मी म्हटलं, "आता लिहिते मी. बस झालं."

"नको," काका म्हणाले. "त्यांचं रडून झालंय. आता मी परत जिवंत झालो तर बिचारे लाजतील. शिवाय इतकं चांगलं लिहिलंय. जिवंत माणसाबद्दल कोण लिहितं?"

"पण खोटं आहे ना ते, काका."

"असू द्या एक."

नवीन मोबाइल त्यांनी घेतलाच नाही. पण सकाळचं फिरणं चालू होतं. परत येताना खानावळीच्या दारात उभं राहून मला सगळं सांगायचे. कुठला रस्ता खणलाय, कुठल्या दुकानात तूप बदललंय, पाणी किती उतरलं. मी पोळी लाटता लाटता "हो काका, हो काका" म्हणायची. सांगून झालं की हळूच म्हणायचे, "दाखवा बघू, काय म्हणतायत." माझ्या पीठ लागलेल्या मोबाइलवर ते ग्रुप वाचायचे आणि चरफडायचे. "हे बघा! कुठल्या थाळीची शिफारस करतोय हा! ते दुकान पाडून महिना झाला. म्हातारी माणसं जातील तिथं पायपीट करत."

"मग सांगा त्यांना."

"मी कसा सांगू?" म्हणायचे आणि मोबाइल परत द्यायचे.

एकदा दिवाळीच्या सुमारास आले ते वेगळ्याच तोऱ्यात. कचोडीच्या दुकानापाशी शेजारी दोघी मराठी बोलत होत्या. आवाजी निरोप ऐकून ऐकून काकांनी मॅडमचा आवाज लगेच ओळखला. त्या मैत्रिणीला सांगत होत्या, "आमच्या ग्रुपवर एक काका होते, त्यांनी हे दुकान सांगितलेलं. फार गोड माणूस. गेले बिचारे."

"आणि तुम्ही?" मी लाटणं खाली ठेवलं.

"मी त्यांच्या कोपराशी उभा! म्हणाल्या, 'जरा सरकता का, भाईसाब?' सरकलो."

"अहो काका, बोलायचं नाही का?"

"तोंडात कचोडी होती," काका म्हणाले. हसायला गेले, पण हसू पुरतं आलं नाही. त्यानंतर त्यांचं फिरणं कमी झालं. डबा अर्धा परत यायला लागला.

पौषात थंडी वाढली. एका सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या तरी दार उघडलं नाही. घरमालकाने आणि माझ्या नवऱ्याने कडी तोडली. काका झोपेतच गेले होते. नागपूरला एक पुतण्या आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, "मला पोचायला परवा होईल. तुम्हीच उरकून घ्या."

नवरा, घरमालक आणि दूधवाला, तिघे झाले. चौथा खांदा हवा होता. नवरा म्हणाला, "ग्रुपवर टाक ना. एवढी मराठी माणसं आहेत."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यात लिहिलं. फार वेळ लागला. "काका आज सकाळी गेले. दुपारी नेणार. एक दोन माणसं पाहिजेत."

लगेच उत्तर आलं. "ताई, काका भाद्रपदातच गेले. जुन्या बातम्या फिरवू नका."

दुसऱ्याने लिहिलं, "हा नंबर कोणाचा आहे?"

मी परत लिहिलं, "नाही आजच गेले. तेव्हा गेले नव्हते." त्यावर कोणी हसरा चेहरा टाकला. मग एका बाईंनी विचारलं की मलइयो, ती थंडीतली दुधाच्या फेसाची मिठाई, यंदा चांगली कुठे मिळते. सगळे तिकडे वळले. थोड्या वेळाने माझे दोन्ही मेसेज ॲडमिनने काढून टाकलेले दिसले.

खाली चहाच्या टपरीवरचा माणूस दुकान बंद करून आला. "चलो, बाबूजी हमरे भी थे," म्हणाला. चौघे झाले. निघताना मला राहवलं नाही. काकांना थंडी सोसायची नाही, म्हणून माझ्या अंगावरची निळी शाल त्यांच्यावर पांघरली. ते गल्लीच्या वळणापर्यंत गेले, मी दारात उभी राहिले.

मागे वळते तोच मोबाइल वाजला. ग्रुपवर नव्हे, मला एकटीला कोणीतरी लिहिलं होतं. "खरंच आज गेले? घर कुठे आहे?" मी जमेल तसा पत्ता लिहिला.

अर्ध्या तासाने तिशी-पस्तिशीचा एक माणूस धापा टाकत आला. रेल्वेत आहे म्हणाला. स्कूटर बाहेरच लावून गल्लीतून चालत आला होता, हेल्मेट हातात तसंच.

"मीच विचारलं होतं तेव्हा, अंत्यदर्शन कुठे म्हणून," तो म्हणाला. "कोणी काही सांगितलं नाही. मग मीही... मी त्यांना कधी बघितलं नाहीये, वहिनी. एकदा चेहरा बघू द्या."

"आत्ताच नेलं हो. हरिश्चंद्र घाटाकडे. गेलात तर सापडतील वाटेत."

तो वळला आणि थांबला. गल्लीतून तेवढ्यात दुसरीच एक तिरडी "राम नाम सत्य है" करत गेली. त्याने ती जाऊ दिली आणि मला विचारलं, "पण ओळखू कसं?"

"निळी शाल बघा," मी म्हटलं.

तो हेल्मेट घेऊन पळत सुटला.