विहिरीवरच्या डब्याचं दार

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे विहिरीवरच्या डब्याचं बटण दाबणं. दाबलं माझ्या बायकोनं, मी नुसता झाकण धरून उभा होतो. संध्याकाळी वीज गेली होती. लाइन परत आल्याबरोबर आमी संत्र्याच्या बगीच्यात गेलो. दिवा लालचा हिरवा होईतोवर बटण दाबून धरा लागते. मी मधातच सोडतो म्हणून ती मले हात लावू देत नव्हती. "तुमचा हात बैलाचा कासरा ओढायचा. थे झाकण धरा," म्हणे.

डबा लेकीनं बसवलेला. ती अकोल्याले राहते, असेच मोटारीचे डबे बनवायच्या कामावर आहे. डब्यात लहानसा कॉम्प्युटर आहे म्हणते. माझी शाळा चौथीतच सुटली. मले तो दिसत नाही, ती म्हणते म्हणून मानतो. अकोल्यात बसून ती डब्यात शिरते, कोणत्या ओळीले पाणी जास्त होऊन राहिलं ते पाहते अन् कमी करते. लाइन गेली की डबा झोपते, आली की नव्यानं उठते. उठल्यावर मोटार तो आपली आपण लावते. पण लेकीले आत यायचं दार तो काही स्वतःहून उघडत नाही.

पहिले उघडत होता. मंग लेकीले दिसलं का कोणी परकं माणूस दूरवरून तेच दार ठोकून राहिलं, एकामागून एक पासवर्ड लावून. तिनं डबा उठताबरोबर दार उघडणं बंद केलं अन् बटण बसवलं. घरच्या माणसानं दाबलं तरच उघडे, लाइन गेली की पुन्हा बंद. उघडलं की तिले मोबाइलवर समजे, अन् ती आईले फोन करे. पाण्याचं बोलणं लगेच संपे. बाकी मंग जावयाचा खोकला, शेजारणीची सून, आंबाडीची भाजी, सारं तिथंच बांधावर बसून.

दिवाळीत लेक आली तेव्हा म्हणाली, आता पक्कं कुलूप केलं आहे, चावी माझ्याजवळच आहे, परकं कोणी शिरत नाही. लाइन आली की दार आपोआप उघडेल असं करून देते, तुझी चक्कर वाचेल.

बायको भाकर थापत होती. "नको," म्हणाली. "मंग तू फोन कायले करशील?"

बटण राहिलं.

वीज गेली त्या संध्याकाळीही, दिवा हिरवा झाल्यावर, लेकीचा फोन आला. मी म्हटलं, पुरे करा, डास चावून राहिले. व्हा तुमी पुढं, म्हणे. मी गेलो नाही, बसून राहिलो. निघताना तिनं झाकणावरची धूळ पदरानं पुसली.

सकाळी ती उठली नाही. मी चहा ठेवला, हाक मारली, मंग हात लावून पाहिला. डॉक्टर आला, काही उरलं नाही म्हणाला. शेजारीण तिच्यापाशी बसली. भाऊबंद जमले, ज्याले त्याले फोन लावू लागले. मी दटावलं, माझ्या लेकीले कोणी सांगायचं नाही. मी सांगतो.

पण मी कधी फोन केलाच नव्हता. मायलेकी बोलत, मी मागून "बरा आहे म्हणा" एवढंच ओरडे. बायकोचा मोबाइल हातात घेतला, लेकीचा नंबर समोर होता, बोट काही चालेना. मी लावला असता तं पहिला शब्द मलेच बोला लागला असता.

मोबाइल खिशात टाकून विहिरीवर गेलो. राती लाइन जाऊन आली असल, डब्याचा दिवा लाल होता. झाकण काढलं, बटण दाबलं, अन् हिरवा होईतोवर सोडलं नाही.

मोबाइल वाजला.

"आई, आज सकाळीच?"

"मी आहो, पोरी," म्हटलं. "तुझी आई गेली. पहिल्या गाडीनं ये."

तिनं फोन ठेवला नाही. मी तो कानाले धरून बांधावर बसलो, बायको बसे तिथं.