लोटनआप्पांचा नाडा

रनाळ्याच्या लोटनआप्पांइतका बिनडोक ऑपरेटर शोधूनही सापडायचा नाही. तेलगिरणीतली टाकी भरली की नाही, हे ते पत्र्यावर टकटक करून सांगत आणि रोज चुकत; तेल सांडायचं. शेवटी मालकांनी टाकीत वरच्या अंगाला थरथरणारा काटा बसवला. त्याची दोन पाती सतत थरथरतात. तेल लागलं की थरथर मंदावते आणि पंप थांबतो.

खंडेनवमीला आप्पांनी काटा पुसायला म्हणून काढला, हळदकुंकू लावलं, दोन्ही पात्यांना मिळून लाल नाडा करकचून बांधला आणि परत बसवला. दसऱ्यानंतर तेल न्यायला टँकर आला, तर टाकी कोरडी. ती भरणारा पंप सुरूच होईना.

"आज तेल नाही, तर उद्या तू नाही!" मालक गरजले.

"पूजा करेल शे मी, बिघाडेल नही!" आप्पा म्हणाले.

मिस्त्री नवनीतने काटा बाहेर काढला. "आप्पा, देवले बांधी टाकं तुम्ही! तो हालत नही, म्हनीसन पंपले वाटस, टाकी भरेल शे."

नाडा कापताच पंप सुरू झाला. मालक वळले, तर आप्पा छाती काढून उभे.

"पन मालक, एक थेंब तरी सांडना का?"

मालकांना हसू फुटलं आणि नोकरी वाचली. काट्याला आता कुलूप असतं. आप्पा पूजा करतात ती टाकीची, बाहेरून.