एकविसावं नाणं

पाथरीत आमचं किराणा दुकान होतं. यजमानांना एकच नाद. गोदावरीकाठच्या शेतांत नांगराला लागलेली बारीक, काळपट नाणी कुणी आणली की गूळ देऊन ती ठेवून घ्यायची. जाऊबाई म्हणायच्या, "भावजींना तांबं दिसलं की भूक लागत न्हाई."

नाणी नखाएवढी. माझी नजर बारीक, म्हणून हे मला त्यांची चित्रं वहीत काढायला सांगत. माझी शाळा चौथीपर्यंतच. ती परदेशी अक्षरं मला वाचता येत नव्हती, पण जशीच्या तशी उतरवता येत. बहुतेक नाणी झिजून सपाट झालेली. एकावर मात्र सगळं शाबूत होतं. पुढं मण्यांची पट्टी बांधलेलं राजाचं डोकं, मागं दोन शिपाई, मधे निशाण, कडेनं अक्षरं. हैदराबादच्या एका जाणकारांनी पत्रातून कळवलं होतं, की नाणी रूमच्या, म्हणजे रोमच्या, शेवटच्या बादशहांच्या वेळची वाटतात. एक जरी नीट वाचता आलं, तर बाकीच्यांचा काळही ठरवता येईल. ते बघायला येणार होते. यजमानांनी ते नाणं डबीत कापसावर ठेवलं होतं.

त्याआधीच मामंजी गेले. आमच्यात माणसाला बसवून पुरतात आणि अंगावर तांब्याचे एकवीस तुकडे ठेवतात. दिवस दंग्याधोप्याचे. पेठ बंद, तांबट गाव सोडून गेलेला. जंगम स्वामींनी विचारलं, "घरात तांब्याचं काय हाय?" यजमान मला म्हणाले, "झिजलेल्या नाण्यांची पुडी दे."

पुडीत वीसच निघाली. ओसरीवर बाप्यांची गर्दी, सगळे माझ्याकडंच बघायलेत असं वाटलं. डबीत कापसाशेजारी दोन-चार झिजलेली नाणीही होती. न बघताच एक उचललं, ताटात टाकलं आणि ताट पुढं सरकवलं.

मामंजींना नेल्यावर डबी बघितली. कापूस रिकामा होता.

आमच्या बायका खड्ड्यापर्यंत जात नाहीत. निरोप धाडावा, तर कोणत्या तोंडानं? आणि नंतर यजमानांनी डबीचं नावही काढलं नाही.

पंधरवड्यानं जाणकार आले. वहीतलं चित्र बघून उभेच राहिले. "वा! नाणं कुठंय? दाखवा."

मी दाराआड. आता डबी मागतील म्हणून जीव मुठीत धरलेला.

यजमान म्हणाले, "तसं नाणं न्हाई, साहेब. चित्र चुकलंय."

"मग नुसत्या चित्रावर काळ कसा ठरवू?" म्हणत पाहुणे उठले.

डबी न उघडताच हे असं कसं बोलले? पाहुणे गेल्यावर रडत सगळं सांगितलं.

"ठावं हाय," हे म्हणाले. "कपाळावर मीच ठेवलं. बोटाला लागलं तवाच ओळखलं."

"मग घेतलं का न्हाई?"

"बापाच्या कपाळावरचं? आन् साहेबाला खरं सांगितलं असतं, तर उद्या कुदळी घेऊन माणसं आली असती."

कुदळीचं माझ्या मनातही आलं नव्हतं. ह्यांनी वही ओढली आणि त्या चित्राखाली काळाच्या रकान्यात लिहिलं, 'ठरला नाही.' अक्षर नेहमीसारखंच सुबक होतं.