कांजी दिलेलं लुगडं

आईच्या तोंडात फोड आले तेव्हा मी तिलाच झापलं. "तिखट कमी खा म्हटलं तर ऐकायचं नाही!" दोन महिने ती दूधभात कसाबसा गिळत राहिली आणि दोन महिने मी तेच तेच ऐकवत राहिले. मग फोड पाठीवर उतरले. पाण्यानं टम्म भरलेले, हात लागला की फुटणारे, आणि फुटले की खाली लालबुंद ओली जागा. तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं.

मावशी म्हणाली, अंगातली गर्मी आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, नागीण आहे, उतरवून घ्या. दोघींना वाटेला लावून मी आईला सरकारी दवाखान्यात नेलं. तेवढं एक मी बरोबर केलं.

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान होत्या, पण बोलायला स्पष्ट. रोगाचं नाव पेम्फिगस. शरीर आपल्याच कातडीला परकी समजून तिच्यावर उठतं. "गोळ्यांनी नवे फोड थांबतील. पण त्याच गोळ्यांनी जंतूंशी लढायची ताकदही कमी होते. पाठीवरच्या जखमा भरेपर्यंत त्यांत जंतू शिरू द्यायचे नाहीत. यात माणसं दगावतात ती तिथंच." म्हणजे आईचा जीव त्या पाठीवर अडकलेला आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माहीत नव्हतं म्हणायची मला सोय नाही.

दादा कळमेश्वरच्या कारखान्यात, त्याची शिफ्ट कधी कुठली. म्हणून सीताबर्डीच्या साडीच्या दुकानातून मीच रजा काढून वॉर्डात आईजवळ राहिले. आठव्या दिवशी नवा फोड आला नाही, नवव्या दिवशीही नाही. सिस्टर म्हणाल्या, "इथल्या चादरी खरखरीत आहेत. घरचं जुनं, मऊ सुती कापड आणा अंगाखाली घालायला. स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून."

मी आईचं लुगडं काढलं, बाबांनी स्वतः विणलेलं. आमचं घर विणकरांचं. बाबा गेले, माग गेला, पण सवयी कुठे जातात? भाताची कांजी पाजल्याशिवाय आमच्याकडे सूत मागावर चढत नसे, आणि कांजी न दिलेलं लुगडं आई घडी करून ठेवू देत नसे. गबाळेपणा म्हणायची त्याला. मी लुगडं उकळत्या पाण्यात टाकलं, धुतलं, पिळलं आणि पातळ कांजीतून काढलं. विचार केला नाही, हात आपले करत गेले. उलट मनातून खूश होते, की आई बाबांच्या हातच्या कापडावर निजेल.

वाळल्यावर त्याची चौपदरी घडी करून मीच ते तिच्या पाठीखाली सरकवलं. सिस्टर दुसऱ्या खाटेशी होत्या. आईनं बोटांनी काठ चाचपला. जन्म गेला होता तिचा त्यात, तिला कळणारच.

"कांजी देली काय वं?"

"पातळच दिली."

"चांगली बसली," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

सकाळी सिस्टर आणि मी तिला कुशीवर वळवायला गेलो तर लुगडं पाठीसोबत वर आलं. जखमांच्या पाण्यानं कांजी भिजली होती, आणि रात्रीतून अंगाच्या उबेनं वाळून चिकटली होती. सिस्टर ओरडल्या, "ओढू नका!" तासभर सलाईनचं पाणी ओतून ओतून त्यांनी ते बोटबोट सोडवलं, तरी नुकती धरलेली कोवळी कातडी त्याच्यासोबत निघालीच. आईला धड किंचाळताही येईना, तोंडात जखमा. "माय वं, माय वं," एवढंच. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. नालायक बाई, आईचा हात तरी धरायचा.

दोन दिवसांनी तिला ताप चढला. राऊंडला डॉक्टरीणबाईंनी पाठ बघितली, सिस्टरचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कापडाला कांजी कोणी दिली?" दादा शिफ्ट संपवून तसाच आला होता, माझ्या शेजारी उभा. मी तोंड उघडलं, पण आई आधी बोलली.

"मीच सांगतलं हिले. बिनकांजीचं मले चालत नाही."

दादा मऊ माणूस आहे. पण भेदरलेला होता, भडकला. "कायले सांगतलं वं माय? लहान आहेस काय तू? आपल्या हातानं मरून राहिली!" अख्खा वॉर्ड बघत होता. आई डोळे मिटून ऐकत होती. माझ्या एका वाक्यानं तो थांबला असता. मी सलाईनच्या नळीकडे बघत राहिले. तो तणतणत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईची शुद्ध हरपली. जंतू रक्तात गेले होते. चार दिवसांनी ती गेली.

याला वर्ष झालं. दादा रविवारी माझ्याकडे जेवायला येतो. मागच्या रविवारी जेवता जेवता त्याचा हात थांबला.

"मायसंग माझं शेवटचं बोलनं तेच ना वं? आजारी मायवर वरडलो मी. माफ केलं असन काय तिनं?"

त्याचे डोळे भरले होते. घरात आम्ही दोघंच होतो. सांगायची याहून चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती, आणि सांगायचंच असं मी वर्षभर रोज ठरवत आले होते.

"मनाले नको लावून घेऊ, दादा," मी म्हणाले. "चूक तिचीच होती."