भोंगेवाल्याचा नवा सदरा

दारव्ह्यात आम्ही बायकांनी दारूबंदीचे मोर्चे काढले, तेव्हा हा भोंगेवाला फक्त भोंगा भाड्यानं द्यायचा. हळूहळू माइक त्याच्याच हातात राहू लागला. एका सकाळी पोलिसांनी त्याला आणि माझ्या थोरल्या जावेला उचललं. संध्याकाळी जाऊ लंगडत परतली. तो मात्र इस्त्रीचा नवा सदरा घालून आला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

मी विचारलं, "भाऊ, सदरा कुठून आणला?"

"वहिनी, तुम्ही कायले एवढं पाहता?" तो हसला.

घरी जाऊ म्हणाली, "त्याले आतल्या खोलीत चहा देऊन राह्यले होते."

पुढे तो निवडून आला. दारूची दुकानं बंद झाली नाहीत, नुसती गावाबाहेर गेली. त्याच्या सत्काराचं बोलावणं आलं, पण आम्ही दोघी गेलो नाही.