तीन अर्जंटमागं एक साधा

सौसरच्या टेलिफोन एक्सचेंजात मी बोर्डावर बसायची, तेव्हा नागपूरला दोनच लायनी होत्या. अर्जंट कॉल आधी, साधा नंतर, असा नियम. अर्जंटला दुप्पट पैसे. मी नियमाची पक्की आणि डोक्यानं गरम.

संत्र्याच्या हंगामात व्यापारी झाडून सगळे अर्जंटच लावायचे. आणि बोलायचं काय, तर आज भाव काय? कालचाच. आता घ्या! लाइन मोकळी झाली की पुढचा अर्जंट हजर, साध्या कॉलची चिठ्ठी खालीच दबलेली.

अशाच एका दिवशी रामाकोन्याची एक मावशी सकाळी दहालाच येऊन बाकावर बसली. पोरगी नागपूरला दवाखान्यात, बाळंतपण अडलेलं, ऑपरेशन करावं लागेल असा निरोप होता. जावई चार वाजेपर्यंत दवाखान्यासमोरच्या दुकानात फोनजवळ थांबणार होता. तिच्याजवळ साध्या कॉलपुरतेच पैसे होते. तिनं दोनदा येऊन विचारलं. दुसऱ्यांदा मी खेकसलीच, नंबर आला की बोलावीन म्हटलं. मग ती बाकावर परत जाऊन बसली.

तिचा नंबर लागला सव्वाचारला. दुकानदार म्हणाला, जावई आत्ताच गेला, बाकी मला काही माहीत नाही. तेच मी तिला सांगितलं.

मावशीनं पिशवी उचलली. म्हणाली, "तुमची काय चुकी, बाई? तुम्हीबी सकाळपासून बोलूनच राहिल्या."

आणि नागपूरच्या बससाठी निघाली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून मी आपल्या मनानं सुरू केलं, तीन अर्जंट झाले की एक साधा. एका सेठनं तक्रार केली, साहेबांनी लेखी खुलासा मागितला. तो दिला, पण माझं मी सोडलं नाही.

महिन्याभरानं मावशी पुन्हा आली. मला विचारायची हिंमत होईना. तिनंच सांगितलं, पोरगी सुखरूप आहे, नातू झाला. खुर्चीतच मी हात जोडले. तिनं याही वेळी साधाच कॉल लावला. पाऊण तासात मी हाक मारली, तर ती उठेचना. दुसऱ्याच कोणाला बोलावलं असं वाटलं तिला.

"इतक्यात? आज सेठ लोकं नाहीत का?"

"आहेत. तुम्ही बोला, मावशी."

ती बोलायला गेली. बाकावर तिचं फडकं राहिलं होतं. त्यात दोन वेळची भाकर बांधलेली होती.